मधल्या खोलीतलं पुणं

आमच्या ज्ञानेश्वरसारखा संत्र्याचा माणूस अख्ख्या संग्रामपूर तालुक्यात नसेल, आणि हे मी भाऊ म्हणून सांगत नाही. चुलतभाऊ आहे, उलट कमीच सांगतो. वरवट बकालच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. तिथे त्याची ओलिताची बाग. व्यापारी बांधावर बसून त्याच्या हातचा चहा प्यायचे आणि तो म्हणेल त्या भावाने माल उचलायचे. डोक्यावर कर्ज नाही, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा नाही. तरी छत्तिसाव्या वर्षी गडी बिनलग्नाचा. का? तर शेतकरी म्हणून!

हसा, खुशाल हसा. पण आमच्याकडे आता पाहुण्याचा पहिला प्रश्न एकच, पोरगा कुठे असतो? 'शेतात' म्हटलं की पाहुणा अर्धा चहा ठेवून उठतो. ज्यांच्या स्वतःच्या घरी पिढ्यान् पिढ्या वखर चालला, तेसुद्धा उठतात. अंगाचा तिळपापड होतो माझ्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, म्हणून माझं लग्न वेळेवर झालं. नाहीतर अक्कल म्हणाल तर ज्ञानेश्वरला माझ्यापेक्षा जास्त.

मग गावाने एक वाट काढली. पहिल्यांदा कोणाच्या डोक्यातून निघाली देव जाणे. पाहुणे येणार असं कळलं की पोरगा मधल्या खोलीत जाऊन बसायचा आणि आई ओसरीवर सांगायची, "पोरगा पुण्याले असते, कंपनीत. सुट्टी नाई भेटली." इस्त्रीच्या शर्टातला फोटो पुढे करायची. बघायच्या कार्यक्रमाला पोरगा दोन दिवस 'रजेवर' यायचा. लग्न उरकलं की थोड्या महिन्यांनी 'कंपनी बंद पडली' आणि पोरगा पुन्हा शेतात. सून रुसायची, माहेरी जायची, परत यायची. कापसाच्या गाडीत वरच्या थराला पांढराशुभ्र माल लावतात ना, तेवढंच पाप गावाला यात वाटत होतं.

ज्ञानेश्वरला हे पटत नव्हतं. "दादा, मी काय चोरी केली का, मधल्या खोलीत लपाले?" म्हणायचा. पण पुष्पाकाकूंनी, म्हणजे त्याच्या आईने, जेवण सोडलं तेव्हा मुकाट बसला. रामराव म्हणून सोयरिकी जमवणारा आहे, त्याने बीबीचं स्थळ आणलं. बीबी म्हणजे लोणार तालुक्यात, जिल्ह्याचं पार दुसरं टोक. तिथवर आमच्या गावाची कुणकुण जायची नाही, हा रामरावचा हिशेब. मुलीचं नाव मंजुश्री. पसंती झाली, येत्या उन्हाळ्यात साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, करायचा ठरला.

मग दोघं संध्याकाळी फोनवर बोलायला लागले. एकदा मी बागेत गेलो तर हा पठ्ठ्या झाडाला टेकून सांगतोय, "आज हिंजवडीले लय ट्राफिक होती!" हिंजवडी कशी दिसते हे याच्या बापजन्मात ठाऊक नाही. मला बघून लाजला, पण हसू काही आवरेना. इतक्या वर्षांत मी त्याला असा पाहिला नव्हता. म्हटलं, होऊ दे बाबा खोट्याने का होईना, एकदाचं होऊ दे.

अशातच कॉलेजच्या सुचिता मॅडम भूगोलाची मुलंमुली घेऊन गावात आल्या. गावातून कोण, कुठे आणि कशासाठी गेलं, याचा अभ्यास करायचा होता. बाई तळमळीच्या, ते नाकारत नाही. मीच त्यांना शाळेची खोली उघडून दिली. मुलांनी गल्ल्या वाटून घेतल्या, घरन्‌घर पालथं घातलं आणि संध्याकाळी फळ्यावर गाव काढून त्यातून रेघा ओढल्या. एक सुरतेला, एक अकोल्याला, एक पुण्याला. माणसं जास्त तितकी रेघ जाड. पुण्याची रेघ आली अंगठ्याएवढी.

मॅडम त्या रेघेकडे बघत राहिल्या. "सर, सुरतेला गेलेल्यांची घरं वस्तीचं नाव सांगतात. आधी कोण गेला, मग त्याने कोणाला नेलं, तेही सांगतात. पुण्यात कुठे असं विचारलं, की सगळ्यांचं उत्तर एकच. कंपनीत! असं कसं?"

"पुणं मोठं आहे मॅडम," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार, कपाळ!

"मग उद्या त्यांनाच फोन लावू. गेलेल्या माणसाशी बोलल्याशिवाय हे काम अर्धंच आहे."

मी तडक काकूंकडे गेलो. "काहीही करा, पण नंबर देऊ नका." काकूंनी मलाच वेड्यात काढलं. "नाई देला तं त्याईले संशय येईन ना बे!"

दुसऱ्या दिवशी मॅडम आणि पोरं ओसरीवर टेकली. गर्दी दिसताच ज्ञानेश्वर सवयीने मधल्या खोलीत गेला. काकूंनी नंबर असा ऐटीत सांगितला, जसा काही साहेबाचाच. मॅडमनी लावला. आणि आतून, दाराच्या पलीकडून, गजानन महाराजांची आरती वाजायला लागली.

"चार्जिंगले लावून विसरला असन," काकू म्हणाल्या. "पुण्याले जाता जाता."

पोरं फस्सकन हसली. मॅडमनी त्यांच्याकडे असं पाहिलं की सगळी गप्प झाली. आतून दार उघडलं. खोलीत कापूस भरलेला होता, तो ज्ञानेश्वरच्या केसांना, मिशीला चिकटलेला. त्याने हात जोडले. "मीच हाये मॅडम. विचारा काय विचाराचं ते."

आणि सगळं खरं सांगितलं त्याने. "शेती करतो. इथंच राह्यतो. कुठं गेलो नाई आन जाणार बी नाई." मॅडम म्हणाल्या, तुमचं नाव कुठेही येणार नाही. त्यांनी शब्द पाळला, हेही सांगतो. त्या दिवशी आणखी कितीतरी घरांत असेच फोन आतल्या आत वाजले, आणि अंगठ्याएवढी रेघ सुतळीएवढी झाली.

पुढे कॉलेजात कार्यक्रम झाला, नकाशे भिंतीवर लागले. एका पेपरवाल्याला त्यात मजा दिसली. जिल्ह्याच्या पानावर बातमी आली, 'सांगायला पुण्यात, राहायला मधल्या खोलीत'. माणसाचं नाव एकही नव्हतं. पण गावाचं होतं, ठळक! दुपारपर्यंत ती बातमी जिल्हाभर मोबाइलवर फिरली. बीबीलाही पोचली.

मी कॉलेजात जाऊन मॅडमवर तोंड सोडलं. "मी कुणाचंच नाव टाकलं नाही, सर," त्या म्हणाल्या. "अहो, गावाचं टाकलं ना! सोयरिक करणारा आधी गावच विचारतो!" त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, गावाचं नाव झाकायला हवं होतं, पण सरकारने या गावाकडे बघावं असं वाटलं. आता अशा बाईशी भांडून तरी काय मिळणार? उठून आलो.

मंजुश्रीचे वडील चौथ्या दिवशी आले. पाणीसुद्धा घेतलं नाही. ज्ञानेश्वरने एक शब्द उलट केला नाही, फक्त म्हणाला, "मामा, खोटं बोललो. पण जाण्याआधी एकडाव बाग पाहून घ्या." माणूस जातीचा शेतकरी. या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडला, खाली वाकून माती हातात घेतली, फांद्या वर करून पाहिल्या. "बाग नामी हाये," म्हणाला.

"मंग मी पयलेच खरं सांगतलं असतं, तं देली असती पोरगी?"

म्हाताऱ्याने हातातली माती खाली सोडली. मग म्हणाला, "नाई. खोटं कायले बोलू." आणि गाडीत जाऊन बसला.

संध्याकाळी मंजुश्रीचा फोन आला. मी बाजूलाच होतो, उठायला लागलो तर ज्ञानेश्वरने हात धरून बसवलं. तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता.

"मले सगळं माहीत होतं," ती म्हणाली. "तुमी पुण्याचं बोलत, आन मांगं मोर वरडत. हिंजवडीत कुठचे आले मोर?"

ज्ञानेश्वरने माझा हात सोडला. म्हणाला, "मंग बोलली काऊन नाई?"

"बोलून काय करू? बाबाले कंपनी पाह्यजे होती, मले तुमी. चाललं होतं ना. लग्न झाल्यावर तुमी सांगसाल, मी हासीन, असं म्हणून बसली होती मी." मग रडायला लागली. "आता पेपरात आलं. आता बाबा चार लोकात काय सांगतीन?"

फोन बंद झाला तरी तो कानाला लावून बसून राहिला. मी त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिलो, दुसरं काय करणार?

त्याच उन्हाळ्यात तिचं दुसरीकडे झालं. रामरावने आमच्या गावचा रस्ता सोडला. टवाळ पोरं ज्ञानेश्वर दिसला की "पुणे, पुणे" ओरडायची. कधी कोणावर हात न उगारलेला माणूस, एक दिवस काठी घेऊन धावला आणि मध्येच थांबून घरी परत आला. दिवाळीनंतर बाग ठोक्याने, ठरीव रकमेवर, दुसऱ्याला कसायला दिली आणि खरोखरच पुण्याला गेला. आता गोदामात पेट्या उचलतो. पुण्यात कुठे म्हणाल तर वाघोलीला, पत्र्याच्या खोलीत, आणखी चौघांबरोबर. बाग घेणाऱ्याने पाण्याचा आळस केला. कडेची झाडं वाळली, उरलेली वाळतायत. त्याला ते माहीत आहे, म्हणून फोनवर बागेचं नाव काढत नाही.

परवा काकूंकडे गेलो तर ओसरीवर एकट्याच बसल्या होत्या. म्हटलं, एखादं स्थळ?

"कोण येते आता बाप्पा? परवा त्या शेगावच्या पाव्हण्याले सांगतलं, पोरगा पुण्याले असते. आमच्या गावाचं नाव ऐकलं आन हासत हासत निंगून गेला," काकू म्हणाल्या. "खोटं सांगत होतो तवा लोक खरं मानत. आता खरं सांगून राह्यली, तं कोणी आयकाले तयार नाई."