दहाच्या नाण्यांचा डबा

बुधवार, ७ फेब्रुवारी २०२४. सकाळचे दहा वाजून दहा मिनिटे. मी आंघोळ करून बाहेर आलो तेव्हा पत्नी घरात नव्हती. ओट्यावर तिच्या पोह्यांची बशी झाकून ठेवलेली होती. झाकण उचलले. बशी भरलेली होती. शेजारी इन्सुलिनचे पेन होते आणि वापरलेली सुई कचऱ्यात पडली होती. म्हणजे तिने इंजेक्शन घेतले होते आणि खाल्ले काहीच नव्हते.

ज्यांच्या घरात मधुमेह नाही त्यांच्यासाठी सांगतो. ते इंजेक्शन घेतल्यावर अर्ध्या तासात पोटात अन्न गेले नाही, तर रक्तातली साखर उतरू लागते. आधी घाम फुटतो, मग बोलणे भरकटते, मग शुद्ध जाते. दोन वर्षांपूर्वी ती याच ओट्यापाशी कोसळली होती. डॉक्टरांनी तेव्हा मला बाजूला घेतले. "आणखी थोडा उशीर झाला असता तर," एवढेच ते म्हणाले.

तिचा फोन चार्जिंगला लावलेला होता. तांदळाच्या डब्यामागचा पत्र्याचा डबा मात्र पुढे ओढलेला होता. आत हात घातला. रिकामा. ती का गेली हे मला त्या क्षणी कळले. कुठे गेली, ते कळले नाही.

त्या डब्याविषयी सांगणे भाग आहे. मी कामाला होतो ती गिरणी बंद पडली तेव्हा आमचे घर काही महिने तिने साठवलेल्या सुट्ट्या पैशांवर चालले. पुढे मला चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत स्टोअरकीपरची नोकरी लागली, मुले मोठी झाली, पण तिची सवय सुटली नाही. बाजारातून उरलेले पैसे ती डब्यात टाकी, आणि ते पुरेसे झाले की वाण्याकडून त्यांची नोट करून घेई. नोटबंदीच्या वेळी तिने साड्यांच्या घडीत ठेवलेल्या त्या नोटा बाहेर काढाव्या लागल्या. मी रांगेत उभा राहून त्या बदलून आणल्या. त्या दिवसापासून तिने नोट साठवली नाही. फक्त दहाची नाणी ठेवायची. "नोट बंद होते, नाणं बंद होत नाही," असा तिचा हिशेब होता. मी त्यावर कधी वाद घातला नाही.

आदल्या संध्याकाळी भाजीवाल्याने तिचे दहाचे नाणे परत केले. चालत नाही म्हणाला. ती घरी येऊन डब्यातली नाणी मोजत बसली. मी सांगितले, ही अफवा आहे, सरकारचे नाणे आहे. तिने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "नोटबंदीच्या वेळीपण तुम्ही रात्री आठपर्यंत असंच म्हणत होतात ना?"



साखर आमच्याकडे वरच्या फळीवर असते, तिच्या हाताला लागू नये म्हणून. मी स्टुलावर चढलो.  थोडी साखर सांडली. उरलेली वर्तमानपत्राच्या कागदात बांधून खिशात घातली, माझा फोन उचलला आणि निघालो.

जिन्यात शेजारीण भेटली.

"काकी मघाशीच खाली गेल्या. पिशवी केवढी जड! मी म्हटलं, द्या इकडे. तर म्हणे, नको गं, बंद फाटलाय, सांडेल."

"किती वेळ झाला?"

"अर्धा तास झाला असेल. का हो काका? तुम्हाला घाम आलाय."

मी उतरलो. अर्धा तास संपला होता.

भरणा करायला गेली असेल म्हणून आधी बँकेत गेलो. दारात पहारेकरी होता. हो, आली होती. नाण्यांचा भरणा आज घेत नाहीत, सोमवारी या, असे तिला सांगितले गेले. ती बाकावर बसली होती का, हे मी दोनदा विचारले. "नाही काका, पाणी प्यायल्या आणि गेल्या," तो म्हणाला.

भाजीवाल्यापाशी ती गेली नव्हती. मी मासळीबाजाराकडे वळलो. वाटेत प्रत्येक ओट्यावर, प्रत्येक दुकानाच्या पायरीवर तिची निळी साडी दिसते का ते पाहत होतो. एका ठिकाणी चारपाच माणसे वाकून काहीतरी पाहत होती. मी त्यांच्यात डोके घातले. कुणाची तरी स्कूटर घसरली होती. मला हायसे वाटले, आणि तसे वाटल्याची लाज वाटायलाही वेळ नव्हता.

पत्नी खाडीपलीकडच्या मनोरीच्या ज्या कोळणीकडून मासे घेते, तिची पाटी बाजारात नव्हती. शेजारच्या कोळणीने मला ओळखले.

"म्हातारीला शोधतोस? ती गेली आमच्या बाईसंगं रिक्षाने, मार्वेच्या धक्क्याला. होडीच्या तिकिटाला सुट्टे लागतात ना, तिथे दहाचं नाणं घेतात, बोलली बाई. चल म्हणाली, बदलून देते."

"तिने काही खाल्लं का?"

"मला काय माहीत? अरे, एवढा काय घाबरतोस? पळून नाय गेली ती. या वयात कोण नेणार तिला?"

बाकीच्या हसल्या. मी रिक्षा थांबवली.

चारकोपहून मार्वे तसे लांब नाही. त्या दिवशी प्रत्येक सिग्नल लाल होता. रिक्षावाल्याला मी एकदाच म्हणालो, "बायको आजारी आहे." पुढे त्याने हॉर्नवरचा हात काढला नाही. मी खिशातली पुडी मुठीत धरून बसलो होतो. कागद घामाने ओला झाला. साखर विरघळेल अशी भीती वाटली, म्हणून पुडी दुसऱ्या हातात घेतली.

धक्क्यावर तिकिटाच्या खिडकीजवळ ती एका उलट्या क्रेटवर बसलेली होती. कोळणीने तिचे डोके आपल्या खांद्यावर टेकवून धरले होते. पत्नीचा पदर घामाने भिजला होता.

"बघ ना रे, आत्ता बोलत होती धड! ऊन लागलं बहुतेक."

मी समोर बसलो. पत्नीने माझ्याकडे पाहिले. डोळे उघडे होते, पण त्यांत ओळख नव्हती.

"वहिनी," ती मला म्हणाली, "दार लावून घ्या. पोरं झोपलीत."

पन्नास वर्षांत ती मला असे काही बोलली नव्हती. मी पुडी फाडली आणि साखर चिमटीने तिच्या गालाच्या आत घातली. ती थुंकू लागली. मी हनुवटी धरली. पुन्हा घातली. कोळणीने कुठूनशी गोड चहाचा पेला आणला. घोट गिळला जातो का, एवढेच मी पाहत होतो. पहिला ओघळला. दुसरा गिळला. होडी सुटली, माणसे गेली, परतीची माणसे आली. तोवर माझा हात तिच्या मनगटावर होता आणि मनगट थंड होते.

मग ते हळूहळू कोमट झाले. तिने डोळे मिटून उघडले.

"अहो, तुम्ही पोहे खाल्लेत?"

"तू खाल्लेस का?"

तिने पदराने कपाळ पुसले. मग म्हणाली, "बँक उघडायच्या आधी पोचायचं होतं. म्हटलं, आलेच." आणि पिशवीकडे बोट करून म्हणाली, "इथे घेतात हो नाणी."

तिकीटवाल्याने खिडकीतून तिच्या निम्म्या नाण्यांच्या नोटा दिल्या आणि उरलेली पिशवी सरकवली. "एवढीच लागतात आज. उरलेली पुढच्या आठवड्यात आणा, आजी. पण जेवून या."

रिक्षावाला थांबला होता. मी फोनवरून पैसे देऊ लागलो. नेटवर्क नव्हते. रोख माझ्याजवळ नव्हती. पत्नीने पिशवीत हात घालून दहा नाणी मोजली. त्याने न बघता खिशात टाकली.

"घेतोस ना रे?" तिने विचारले.

"का नाही घेणार, मावशी? सुट्ट्यासाठी दिवसभर भांडणं होतात माझी. बसा, घरी सोडतो."

घरी आल्यावर मी तिला समोर बसवून जेवू घातले. ती झोपली. मी दर थोड्या वेळाने तिच्या नाकाशी बोटे धरून श्वास पाहत होतो. डॉक्टरांना फोन केला. ते मला बरेच रागावले. मी ऐकून घेतले.

संध्याकाळी दुधाला खाली उतरलो. तिला मिळालेल्या नोटांपैकी शंभराची एक बरोबर नेली होती. ती दुकानदारापुढे ठेवली.

"काय काका, आज स्कॅन नाही?"

"सुट्टे दे. दहाची नाणी दे."

"ती कुणी घेत नाही म्हणतात ना सगळे?"

"मी घेतो."

वर येऊन ती नाणी डब्यात टाकली. पिशवीतली उरलेली नाणीही त्यातच ओतली. आवाजाने ती जागी झाली, कूस बदलली आणि पुन्हा झोपली. मी स्टूल ओढले, वरच्या फळीवरचा साखरेचा डबा खाली काढला, नाण्यांच्या डब्याशेजारी तिच्या हाताला लागेल असा ठेवला, आणि त्याचे झाकण सैल करून ठेवले.