बिबट्याच्या नावावरची तलंग

गेल्या उन्हाळ्यात आमच्या अंगणातली एक तलंग मेली, ती माझ्यामुळे. घरात आणि वस्तीवर मी सांगितलं, बिबट्यानं नेली. पिंपळवंडीच्या आसपास एवढं सांगितलं की पुढं कुणी काही विचारत नाही.

खरं असं झालं. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी. मेव्हणीनं ती डिंभ्याहून पाठवली होती. आल्या संध्याकाळीच मी तिला आमच्या कोंबड्यांच्या खुराड्यात सोडलं आणि कडी घातली. पूर्वी कोंबड्या आंब्यावर बसायच्या. नवी आली तर खालची फांदी धरायची, कुणी टोचलं तर उडून दुसरीकडं जायची. आता बिबट्याच्या भीतीनं सगळ्या जाळीच्या लोखंडी खुराड्यात. तिथं पळायला जागा नाही, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. सकाळी दार उघडलं तर ती कोपऱ्यात पडलेली, बाकीच्यांनी टोचून टोचून डोकं सोललेलं. घर उठायच्या आत मी तिला उसाच्या कडेला पुरलं. आणि दोन पिसं बांधावर टाकली. मेलेल्या कोंबडीपेक्षा ती पिसंच मला जास्त टोचत राहिली.

शेजारच्या चुलतीनं त्या दिवशी ओट्यावरची बाज आत नेली. भर उन्हाळ्यात म्हातारी पत्र्याखाली झोपायला लागली. मी रोज तिच्या दारावरून डेअरीत दूध घालायला जायचो. तोंड उघडलं नाही.

दिवाळीनंतर साडूभाऊ आले ते पिशवीत दुसरी तलंग घेऊन. तांबूस, पायांनी पिवळी, पिशवीबाहेर डोकं काढून आमचं घर बघणारी. ते गेल्यावर बायको म्हणाली, "उन्हं कलायच्या आत खुराड्यात घाला हिला. ही तरी त्या मेल्याच्या तोंडी जायला नको."

तलंग माझ्या हातात होती. तिचं काळीज तळहाताला लागत होतं. मी गप्प राहिलो तर माझंच खोटं हिलाही त्याच कोपऱ्यात घालणार होतं.

"मागलीला बिबट्यानं नव्हतं नेलं," मी म्हणालो.

"मग?"

सांगितलं सगळं. पिसांचंही.

बायकोनं निवडायच्या तांदळाचं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "म्हंजे वस्तीवरचा बिबट्या तुमीच."

"व्हय."

"आन् काकी तिकडं पत्र्याखाली उकडून निघाल्या."

"व्हय."

"नुसतं व्हय व्हय काय करताय? माळ्यावरची डाल काढा."

डाल म्हणजे बांबूच्या कामट्यांची मोठी टोपली. ती अंगणात उपडी घालून खाली तलंग ठेवली, दाणापाणी आत दिलं. बाकीच्यांनी तिला बघावं, पण कुणाची चोच पोचू नये. रात्री डाल स्वयंपाकघरात यायची, सकाळी पुन्हा अंगणात. आमच्याकडं सत्ता बोडक्या मानेच्या थोराड कोंबडीची. पहिले काही दिवस ती डालीभोवती फेऱ्या घालायची, कामट्यांतून चोच खुपसून बघायची. मग फेऱ्या कमी झाल्या. एका दुपारी डालीला टेकून ती धूळ उडवत लोळायला लागली, तेव्हा बायको म्हणाली, "आता काढा."

मी भिंतीला जुन्या फळ्या तिरप्या लावल्या, आडोशाला. आणि कोबीचा गड्डा सुतळीनं पेरूला टांगला, सगळ्यांच्या चोची दुसरीकडं गुंतवायला.

"कोंबड्यांना तोरण बांधलं का काय?" चुलती ओट्यावरून ओरडली.

"पावणी आलीय ना," बायको म्हणाली.

डाल उचलली. बोडक्या मानेची धावून आली आणि तिनं एक सणसणीत चोच मारली. तलंग फळीमागं. माझा हात डालीकडं गेला, बायकोनं मनगट धरलं. "थांबा. आज पळायला जागा हाय तिला."

थांबलो. गड्डा हलत होता, कोंबड्या उड्या मारून टोचत होत्या. खाली पडलेलं एक पान तलंगेनं मागून हळूच ओढलं आणि फळीमागं नेलं. मग दुसरं. तिसऱ्या वेळी ती फळीमागं गेलीच नाही. बोडक्या मानेचीनं मान वर करून पाहिलं आणि परत कोबी खायला लागली.

दिवस कलला तसं एकेक कोंबडी खुराड्यात शिरली. तलंगही शिरली, आपल्या पायानं, कुणी न हाकलता. दांडीवर सगळ्यांत कडेला बसली. मी कडी घातली आणि जाळीतून तिला पुन्हा एकदा बघून घेतलं.

सकाळी मी दार उघडलं आणि बाजूला झालो. बोडक्या मानेची आली, मागून बाकीच्या. तलंग शेवटी, पण ताठ मानेनं. डोक्यावर एक ओरखडा नाही! मी ज्वारी टाकली. ती घुसली, आणि आमची जुनी पांढरी कोंबडी मधे आली तशी तिलाच चोच मारली. मी एवढ्या मोठ्यानं हसलो की बायको पीठभरल्या हातानं बाहेर आली.

"काय झालं?"

"टोचलं तिनं! आपल्या तलंगेनं टोचलं!"

मी तसाच चुलतीकडं गेलो आणि तिलाही सगळं सांगितलं. तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं. "त्या तुझ्या दोन पिसांपायी मी अख्खा उन्हाळा घामात काढला व्हय रं?" मग माझ्या पाठीत एक रपाटा घातला. लागला चांगलाच. बाज मात्र तिनं आतच ठेवली, कारण उसात खरा बिबट्या आहेच.

घरी आलो तर बायको मेव्हणीशी फोनवर बोलत होती. "रुळली गं. लई धीट निघाली." मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं, आणि तिनं माझ्याकडं पाहिलं.

"मागलीचं विचारतीय."

मी हात पुढं केला आणि फोन घेतला.