हसऱ्या चेहऱ्यावर बोट

आमच्या आईला कुणीही विचारा, कशा आहात? उत्तर ठरलेलं: "मजेत!" पडद्यांच्या दुकानात शिलाई करण्यात जन्म गेला तिचा. बोटांचे सांधे सुजून टम्म झालेत. नळ कोपराने सोडते, डब्याचं झाकण दातांनी उघडते, आणि मी पाहिलं की म्हणते, "अगं, हात ओले होते." हात कोरडे ठणठणीत! ह्या परक्या देशातल्या कडाक्याच्या थंडीत कोटाची बटणं उघडी टाकून फिरते. का, तर "मला उकडतं." उकडतं म्हणे! हिच्यापुढे डोकं आपटून घ्यावं.

त्यात दुकानाच्या मालकिणीने सांगून टाकलं, कात्री चालत नसेल तर मी दुसरी बाई बघते. नेमका त्याच सुमारास मोठ्या दवाखान्यात सांध्यांचं नवं औषध रुग्णांना देऊन बघायचा अभ्यास सुरू झाला. तिथल्या डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "तुमच्या भाषेची माणसं अशा अभ्यासात येतच नाहीत हो. मग हे औषध त्यांना कितपत लागू पडतं, आम्हाला कसं कळणार?" येत नाहीत! अहो, बोलावणं कोणत्या भाषेत धाडलंत? पण गरज आमची होती, म्हणून जीभ आवरली.

पहिल्या खेपेला माझी ड्यूटी होती, म्हणून आमच्या ह्यांनी आईला नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती दुखतं? ह्यांनी तेच आईला विचारलं. आता जावयासमोर ही बाई दुखणं उगाळणार? "छे हो, थोडंसं." आमचे हेही भोळे सांब. "थोडंसं" असं तिकडे सांगून मोकळे! दोन दिवसांनी फोन आला: एवढ्याशा दुखण्यावर अभ्यासात घेता येणार नाही.

माझं डोकंच फिरलं. ह्यांना फैलावर घेतलं, तर म्हणाले, "त्या बोलल्या तेच मी सांगितलं!" मग मीच रजा टाकून आईला घेऊन गेले. अभ्यासाचं काम बघणारी नर्स भली होती. पुन्हा विचारू, म्हणाली. तिने आईपुढे एक तक्ता ठेवला. हसऱ्यापासून रडक्यापर्यंत चेहऱ्यांची रांग, खाली शून्य ते दहा आकडे. दुखणं ज्या चेहऱ्यासारखं, त्यावर बोट ठेवायचं. मी आईला नीट समजावलं. तिने तक्ता निरखून पाहिला आणि बोट ठेवलं ते थेट हसऱ्यावर.

"आई!"

"अगं, परक्या माणसाला काय रडकं तोंड दाखवायचं?"

"आणि सकाळी हातातून चमचा पडला तो?"

"सांगितलं ना, हात ओला होता."

मी नर्सला म्हटलं, तुम्ही आठ लिहा हो. ती म्हणाली, "तुम्ही नाही, त्यांनी सांगायला हवं." बरोबरच होतं तिचं, म्हणून तर आणखी संताप आला.

"मग आम्हा घरच्यांना मध्ये घालताच कशाला? बाहेरचा दुभाषी द्या ना!"

नर्स चाचरली. "त्याची तरतूद नाही."

"वा गं वा! माणसं आमची हवीत आणि भाषा तेवढी नको?"

माझा आवाज इतका चढला की शेजारच्या खोलीतून डॉक्टरीणबाई धावत आल्या. मग कुठे चक्रं फिरली. इकडेतिकडे विचारून फोनवर आमची भाषा बोलणारी एक बाई मिळाली, आणि मला बाहेर काढलं.

दाराला काच होती. आई आधी ताठ बसलेली. टेबलावरचा फोन काहीबाही विचारत असावा. मग तिने दोन्ही हात हळूच टेबलावर ठेवले आणि बोलायला लागली, ती थांबेचना. माझा चहा गार झाला तरी हिचं चालूच! माझ्याशी मेली जन्मात एवढी बोलली नाही.

नर्स बाहेर आली. "घेतलं त्यांना अभ्यासात. नऊ म्हणाल्या. शिवताना दहा."

मी आठावर थांबले होते.

बसथांब्यावर बोचरा वारा सुटला होता. "मला का नाही सांगितलंस?" मी जवळजवळ ओरडलेच.

"तुला सांगून काय? नोकरी सोडून माझ्या उशाशी बसली असतीस. ती फोनवाली थोडीच बसणार आहे?"

आता हिला काय बोलायचं? चीडही आली आणि रडूही आलं. आई दोन्ही कोपरांनी कोट अंगाशी दाबून उभी होती.

"उकडतंय ना?" मी विचारलं.

तिने हात बाजूला केले.

"लाव बाई बटणं," ती म्हणाली. "गळ्याजवळचंसुद्धा."