आधी वही, मग फेरी

तुरुंगाच्या महिला विभागात ती एकोणीस वर्षं शिपाई आहे. बेचाळिसाव्या वर्षी तिने फौजदारी न्याय या विषयात एम.ए.ला नाव घातलं आणि सहकाऱ्यांनी तिची लगेच ‘प्रोफेसरबाई’ करून टाकली. पदवी मिळाली तर प्रशिक्षण केंद्रात शिकवायची जागा मिळणार होती. पायांच्या शिरा फुगल्या होत्या. ती जागा तिला हवीच होती.

प्रबंधाला विषय घेतला कैद्यांच्या आजारपणाच्या नोंदी. रोज सकाळी प्रत्येक कोठडीपुढे थांबून विचारायचं आणि वहीत लिहायचं, हा नियम. प्रत्यक्षात वही आधी भरली जाते. चहा येईपर्यंत टेबलाशी बसून पानभर ‘तक्रार नाही’ लिहायचं, मग फेरी, तीही पाय उचलून, कधी तीही नाही. हे तिला ठाऊकच होतं. तिने फक्त वहीतल्या तारखा दवाखान्याच्या तारखांशी ताडल्या. चौतीस वेळा, ज्या दिवशी बाईला दवाखान्यात हलवलं, त्याच सकाळी वहीत ‘तक्रार नाही’ होतं. त्यांतल्या सहा नोंदी तिच्या स्वतःच्या अक्षरातल्या. त्या सहांतली एक बाई न्यूमोनियाने गेली.

गाईड मॅडमनी तोडगा सुचवला. “संशोधकाच्या स्वतःच्या नोंदी वगळल्या, असं एक वाक्य टाका. नियमात बसतं.”

घरी नवरा वैतागला. “एवढ्या जणी आहेत तिथे. पाठ शेकून घ्यायला तूच सापडलीस?”

“बाकीच्या अठ्ठावीस मोजल्या, त्या चालल्या तुला?”

“त्यांची नावं कुठे घातलीस?”

“नाही घातली. माझं घालतेय.”

“घाल बाई. पाटी लावून घे गळ्यात.”

तिने सहाही नोंदी ठेवल्या, खाली आपलं नाव लिहिलं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी न्यूमोनियाने गेलेल्या बाईच्या नोंदीवरच बोट ठेवलं. “त्या सकाळी फेरी झाली असती तर?”

“तिला धाप लागलेली दिसली असती. निदान चार तास आधी हलवता आलं असतं.”

पहिला वर्ग मिळाला.

प्रबंधाची प्रत नियमाप्रमाणे खात्याकडे गेली. महिनाभरात कारणे दाखवा नोटीस आली आणि प्रशिक्षण केंद्राच्या यादीतून तिचं नाव गेलं. अधीक्षक माणूस वाईट नव्हते. समोर बसवून म्हणाले, “कामाचा ताण होता, असं लिहा. मी बघतो पुढचं.”

तिने तिथेच कागद मागून घेतला आणि लिहिलं : ‘ताण नव्हता. त्या सकाळी ड्युटीवर आम्ही तिघी होतो. मी फेरी मारली नाही.’

खाली सही करून तिने कागद त्यांच्यापुढे सरकवला.