काकूंच्या नखांचा रंग

शेडकाकांना रंगातलं कळतं, हे त्यांच्या इमारतीत कुणीही सांगेल, आणि कुणी सांगितलं नाही तर ते स्वतः सांगतील. रंगाच्या कारखान्यात एकतीस वर्षं ते तपासणीच्या टेबलावर होते. भिंतीला लावायचा रंग पत्र्याच्या तुकड्यावर मारायचा, खिडकीशी न्यायचा आणि नाक मुरडायचं, असं त्यांच्या नोकरीचं वर्णन त्यांची बायको करायची. कुणाकडे गेले की चहा यायच्या आत ते भिंत बघून घेत आणि ‘दुसरा हात घाईत मारलाय’ असं सांगून यजमानाचं तोंड उतरवत. म्हणून शेडकाका. हे नाव कुणी पाडलं ते ठाऊक नाही, पण त्यांना ते मनातून आवडत होतं.

काकूंना जाऊन आठ महिने झाले होते. घराच्या पुढच्या खोलीत, रस्त्याच्या अंगाला, काकूंचं दुकान होतं. क्रीम, पावडरी, पिना, कंगवे, आणि मुख्य म्हणजे नेलपॉलिश. भिंतभर बाटल्या. ते दुकान तेव्हापासून बंद होतं, आणि शटरच्या अलीकडे काका एकटे राहत होते. चारचौघांत त्यांचं बरं चाललं होतं. पण दिवसभरात आपण एक शब्दही बोललो नाही, हे त्यांना संध्याकाळी घसा खाकरल्यावर कळे. लेकीचा फोन रविवारी अकराला येई. त्यासाठी ते गुरुवारपासून सांगायच्या गोष्टी जमवत, आणि फोन आला की ‘सगळं ठीक’ म्हणून मोकळे होत.

काकूंचा एकटीचा असा चांगला फोटो एकच होता. दुकानात काउंटरवर दोन्ही हात टेकून त्या फोटो काढणाऱ्याकडे बघून हसताहेत. हा फोटो वीस वर्षं खिडकीसमोर टांगलेला, त्यामुळे उन्हाने त्यातले रंग खाऊन टाकले होते. आता सगळंच पिवळट दिसत होतं, काकूसुद्धा. काकांना ते बघवेना. तिसऱ्या गल्लीतला फोटोवाला असे फोटो कॉम्प्युटरवर पुन्हा रंगवून देतो, असं कळलं, तेव्हा ते फोटो पेपरात गुंडाळून त्याच्याकडे गेले.

फोटोवाल्याने कागद-पेन घेतलं. “अंगातले कपडे कुठल्या रंगाचे, काका?”

“मोरपंखी. पण हिरव्याकडे झुकणारा. निळ्याकडे गेलात तर बिघडलं.”

“मागची भिंत?”

“चारशे बारा नंबरची शेड. मीच मारलीय. फिकट बदामी लिहा.”

काउंटरची कड, फळ्या, कोपऱ्यातलं स्टूल, सगळं काकांनी धडाधड सांगितलं. फोटोवाला खूश झाला. बहुतेक लोक त्याला ‘निळा-बिळा काहीतरी’ एवढंच सांगत. मग त्याने पडद्यावर काकूंचे हात मोठे केले.

“आणि नखं?”

“नखांचं काय?”

“रंग लावलाय ना. बघा, कातडीपेक्षा गडद दिसतात. कुठला होता?”

काकांनी तोंड उघडलं. पडद्यावर दहाही नखं रुपयाएवढी झाली होती, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे काहीच येत नव्हतं. लाल, असं म्हणावंसं वाटलं. पण लाल म्हणजे काय? कारखान्यात नव्या लोकांना ते स्वतःच सांगत की लाल हे आडनाव झालं, नाव सांगा.

“उद्या सांगतो,” असं म्हणून ते उठले.

घरी येईपर्यंत त्यांना स्वतःचाच राग आला होता. फोटो कसाही झाला असता तरी चाललं असतं, तो बघणार तेच. पण चौतीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं, तिच्या हातांना कुठला रंग होता ते सांगता येत नसेल, तर मग इतकी वर्षं आपण बघत काय होतो? रंगातलं कळतं ही एकच तर त्यांची मिजास होती. त्यांनी ठरवलं की हा रंग शोधायचाच. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांना करायला काहीतरी काम मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शटर अर्धं वर केलं. काउंटरखालच्या खणात काकूंनी उघडलेल्या बाटल्या होत्या, एकूण त्रेसष्ट. काकांचा हिशेब सरळ होता. आवडीची बाटली जास्त संपलेली असणार. त्यांनी एकेक बाटली उजेडाला धरली, पेन्सिलने खूण केली. पण सगळ्या सारख्याच, बोटाच्या पेराएवढ्या कमी. एकही जास्त नाही, एकही भरलेली नाही. शिवाय सगळ्या जुन्या, आतला रंग घट्ट झालेला. फळीवरच्या नव्या बाटल्यांची तर सीलही फोडलेली नव्हती. गिऱ्हाइकांना दाखवायच्या असतील, असं म्हणून काकांनी तो विषय सोडला.

आता एकच मार्ग उरला. एकेक रंग नखावर लावायचा आणि डोळ्यांना ओळख पटते का बघायची. नख कुणाचं, हा प्रश्नच नव्हता. त्यांनी थिनरचे दोन-दोन थेंब घालून बाटल्या सैल केल्या, उत्तरेच्या खिडकीशी स्टूल नेलं आणि डावा हात पुढे केला.

पहिल्या दिवशी फजिती झाली. चार इंची ब्रशची सवय असलेल्या माणसाला तो काडीएवढा ब्रश धरवेना. रंग नखापेक्षा बोटालाच जास्त लागला. दुपारपर्यंत मात्र हात बसला, आणि हात बसल्यावर त्यांच्यातला तपासनीस जागा झाला. खोक्याचा पुठ्ठा कापून त्यांनी पट्ट्या केल्या आणि बारीक अक्षरात लिहायला घेतलं.

‘नंबर सात. विटकरी. पहिला हात पातळ, खालचं नख दिसतं. दुसऱ्या हातात भरतो. कडेला जमतो, तिथे ब्रश हलका ठेवावा.’

‘नंबर अकरा. दुधाळ गुलाबी. रेघा राहतात. तीन हात मारूनही समाधान नाही. अंगात आळस फार.’

‘नंबर एकोणीस. पिकलेल्या जांभळाचा. एका हातात झाकतो, चार मिनिटांत सुकतो, ओघळत नाही. आमच्या कारखान्यात असा माल निघता तर साहेबांनी हार घातला असता.’

प्रत्येक पट्टीच्या शेवटी एक रकाना होता: ‘तिचा की नाही’. त्यात ते दरवेळी एकच वाक्य लिहीत होते. सांगता येत नाही.

वासाचं त्यांना नवल वाटलं. उग्रच होता, डोक्यात जाणारा. पण दुसऱ्या दिवसापासून ते बाटलीचं झाकण लावायला मुद्दाम उशीर करू लागले. त्या वासाने खोलीत कुणीतरी असल्यासारखं वाटे.

अर्ध्या शटरखालून लोक डोकावू लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई पहाटेची ड्यूटी आटपून येताना वाकून आत आल्या. दोन वर्षांपूर्वीच त्या इमारतीत राहायला आलेल्या. काकांच्या हाताला पाच बोटांत पाच रंग बघून त्यांनी हसू गिळलं.

“काका, दुकान उघडलंत?”

“उघडलं नाही. तपासणी चालू आहे.”

नर्सबाईंनी पट्ट्या वाचायला घेतल्या. एक वाचली, दोन वाचल्या, मग स्टूलच ओढलं. “हा तीन दिवसांत जातो, हे खरं?”

“भांडी घासलीत तर दीड दिवसात. टोकाकडून टवके उडतात. तुम्ही एकोणीस न्या. फसवणार नाही.”

नर्सबाईंनी एकोणीस नंबरची नवी बाटली घेतली. त्या निघताना काकांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “काकूंच्या नखांना कुठला असायचा, आठवतंय?”

“काहीच नसायचं, काका. मी तरी कधी बघितला नाही.”

काकांनी मान डोलावली, पण मनात म्हटलं, हिचं लक्ष नसणार. मग त्यांनी तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंना गाठलं. त्या पंधरा वर्षांपासूनच्या शेजारीण.

“निळा,” शिंपीणबाई पैजेवर सांगितल्यासारखं बोलल्या. “दुपारी मी दुकानात पिना घ्यायला आले होते ना, तेव्हा निळाभोर होता. मी म्हटलंसुद्धा, काकू, झकास दिसतोय.”

“निळा? तिने?”

“मग काय मी खोटं बोलतेय?”

समोरच्या शाळेतल्या बाईंनी कॉफीचा सांगितला. इस्त्रीवाल्याने पाऊण मिनिट विचार करून हिरवा सांगितला. काकांना वाटलं, सगळेजण आपली मस्करी करताहेत. निळी नखं काकूंनी लावली असती तर आपल्याला दिसली नसती? त्या रोज संध्याकाळी समोर बसून जेवत होत्या. त्यांनी एका पट्टीवर लिहून टाकलं, ‘साक्षीदार भरवशाचे नाहीत’, आणि पुढची बाटली उघडली.

शनिवारी त्रेसष्टावी झाली. डोळ्यांना ओळख पटली नव्हती. तेवढ्यात फोटोवाल्याचा फोन आला, “काका, बाकी सगळं झालंय. नखांवर अडलोय.”

रविवारी अकराला लेकीचा फोन आला तेव्हा काका ‘सगळं ठीक’ म्हणाले नाहीत. त्यांनी सरळ विचारलं, “दुकानातला तो फोटो कुणी काढला होता?”

“मीच. सातवीत होते. शाळेतून आल्या आल्या काढला होता. का?”

“त्यात आईच्या नखांना कुठला रंग होता?”

“ते कसं आठवणार, बाबा? रोज वेगळा असायचा.”

“रोज?”

“नवी बाटली आली की आई आधी स्वतः लावून बघायची. त्याशिवाय विकायची नाही. कसा बसतो, किती वेळात सुकतो, सगळं गिऱ्हाइकाला तोंडपाठ सांगायची. पाच वाजले की पुसून टाकायची. तुमची बस साडेपाचला यायची ना.”

“पुसायची कशाला?”

“तुम्हाला वास चालत नव्हता म्हणून.”

“असं मी कधी म्हणालो?”

“दुकान काढलं त्या वर्षी. मी झालेसुद्धा नव्हते. तुम्ही म्हणालात म्हणे, दिवसभर तोच वास डोक्यात बसलेला असतो, घरी तरी तो नको. एकदाच म्हणालात. मग आई खिडक्या उघडायची, साबणाने हात धुवायची, मी तिला कापूस धरून द्यायचे. आमचा खेळच होता तो. रविवारी मात्र ती लावायचीच नाही.”

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “आणि मी रिटायर झालो तेव्हा?”

“तेव्हा बंदच केलं तिने. म्हणाली, आता हे घरीच असतात.”

“तू मला का नाही सांगितलंस?”

“मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे.”

फोन ठेवल्यावर काका दुकानात येऊन बसले. ते वाक्य आपण कुठे उभं राहून म्हटलं, कुठल्या आवाजात म्हटलं, हे आठवायचा त्यांनी फार प्रयत्न केला. काही केल्या आठवेना. थकून आलेल्या माणसाने सहज टाकलेलं वाक्य, त्याची किंमत त्यांच्या लेखी काहीच नव्हती. काकूंनी मात्र ते जन्मभर पाळलं, आणि पाळतोय असं एकदाही बोलून दाखवलं नाही. काकांना रडू आलं नाही. लाज वाटली. एकटेपणाची त्यांना आठ महिन्यांत सवय होत आली होती, पण आपण असतानाही याच घरात ती दुपारभर, पाच वाजेपर्यंत, एकटीच मजेत होती आणि साडेपाचला ती मजा पुसून आपल्याला दार उघडत होती, हे त्यांना सोसवेना. तो वास तर त्यांना आता आवडत होता. हे सांगायला घरात कुणी नव्हतं.

सोमवारी दुकानं उघडताच ते फोटोवाल्याकडे गेले. पडद्यावर काकू होत्या. मोरपंखी अगदी जमला होता, भिंतही बरोबर चारशे बारा. हसणंसुद्धा ताजं झालं होतं. फक्त बोटांच्या टोकाशी तेवढं जुनं, पिवळट उरलं होतं.

“सांगा काका, कुठला लावू?”

“लावू नका. आहेत तशीच ठेवा.”

फोटोवाला गोंधळला. “अहो, सगळा फोटो रंगीत आणि नखं तेवढी उडालेली, बरं दिसेल का ते? मी लाल लावतो. लाल कुणालाही शोभतो. कळणार कुणाला?”

“नको.” काकांचा आवाज खाली गेला होता, पण शब्द स्पष्ट होते. “बाकीचं सगळं मी बघितलेलं आहे, म्हणून सांगितलं. नखं मी बघितलेली नाहीत.”

फोटोवाल्याने त्यांच्याकडे एकदा बघितलं, कागदावर नखांच्या पुढे एक आडवी रेघ मारली आणि फोटो छपाईला लावला.