तेवीस नंबरचा दुधी

कंडक्टर निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, तरी लोक त्याला अजून कंडक्टर म्हणूनच हाक मारत. त्याचीही काही हरकत नव्हती. चौतीस वर्षं बसमध्ये उभा राहिलेला माणूस तो. गाडीत डोकी किती आणि फाडलेली तिकिटं किती, याचा मेळ बसला नाही की त्याला जेवण जात नसे. तीच खोड घेऊन तो भाजीच्या वाफ्यात उतरला, मग व्हायचं ते झालंच.

कॉलनीच्या पाण्याच्या टाकीमागे रिकामी जागा होती. तिथे तीस वाफे आखून एकेका घराला दिले होते. एका कोपऱ्यात पाण्याची मोटर, तिच्या खोलीला दगडी पायरी, भोवती कंबरेएवढी भिंत आणि कुलूप लावायचं फाटक. या सगळ्याची देखरेख करणारी समिती म्हणजे खरं तर एकटा कंडक्टर. बाकीचे सभेला यायचे, माना डोलवायचे आणि घरी जायचे. नियम एकच आणि कडक: दोन महिने वाफ्यात तण दिसलं की वाफा काढून यादीतल्या पुढच्या घराला द्यायचा.

कंडक्टरच्या स्वतःच्या वाफ्यात दुध्याचा वेल होता, आणि त्याची तऱ्हा सगळ्या जगाहून निराळी. दुधी बोटाएवढा झाला की हा बॉलपेन घेऊन जायचा आणि कोवळ्या सालीवर टोचून टोचून नंबर घालायचा. एक, दोन, तीन. दुधी वाढला की त्याच्यासोबत आकडाही वाढायचा. बोटाएवढ्या दुध्यावरचा नखाएवढा आकडा महिन्याभरात तळहाताएवढा होऊन वेलावर लोंबायचा. त्याची बायको म्हणायची, "अहो, त्यांना तिकिटंही द्या एकेक, म्हणजे उतरायचं कुठे ते तरी कळेल बिचाऱ्यांना." तो हसायचा नाही. रोज सकाळी जाऊन मोजायचा आणि मेळ बसला की चहा प्यायचा.

समोरच्या दारात वायरमन राहायचा. चाळीस वर्षांची दोस्ती. संध्याकाळी मोटरच्या खोलीच्या पायरीवर दोघं एकच वर्तमानपत्र मधून फाडून वाचायचे आणि अर्ध्या तासानं पानं बदलून घ्यायचे. वायरमनच्या बायकोचा वाफा, त्यातल्या दुध्याच्या वेलासकट, म्हणजे बागेची शान. तिच्या हातानं नुसतं देठ खोचलं तरी रुजायचं, असं सगळे म्हणत. ती कंडक्टरला भाऊजी म्हणायची, तो तिला वहिनी.

मग वहिनींनी अंथरूण धरलं. आधी कंबर, मग पोट, मग काय काय ते डॉक्टरांनाच ठाऊक. वायरमन दवाखाना आणि घर यांत अडकला आणि वाफ्यात गुडघाभर तण माजलं. सभा भरली. वायरमन एवढंच म्हणाला, "अजून एक महिना थांबा. ती उठेल."

आता इथे चाळीस वर्षांच्या मित्रानं काय म्हणायला हवं होतं, ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. कंडक्टर म्हणाला, "आज तुला सूट दिली तर उद्या सगळेच मागतील. नियम म्हणजे नियम." वायरमननं मान खाली घालून सही केली. वाफा दुसऱ्या घराला गेला. मोटर बिघडली की ती वायरमनशिवाय कुणाला कळायची नाही, म्हणून फाटकाची एक किल्ली तेवढी त्याच्याकडे राहिली.

त्या मोसमात कंडक्टरच्या वेलावरून नऊ नंबरचा दुधी गेला. आठवड्यानं चौदा. मग अठरा. कंडक्टरच्या अंगाचा तिळपापड झाला. भिंतीवरून उड्या मारणाऱ्या पोरांवर संशय घेऊन झाला, कचरा वेचणाऱ्या बाईला उगाच दोन शब्द सुनावून झाले. शेवटी त्यानं एक पाटी रंगवली: "दुसऱ्याच्या कष्टाची भाजी नेणाऱ्या, हे अन्न तुझ्या अंगी लागणार नाही." फाटकावर खिळे ठोकताना पाटी सरळ धरून उभा होता तो वायरमन.

"जरा जास्त होतंय का रे?" वायरमननं विचारलं.

"चोराची कसली दया?" कंडक्टर म्हणाला आणि शेवटचा खिळा ठोकला.

चार दिवसांनी तेवीस नंबर गेला. त्याच दिवशी दुपारी कंडक्टर वहिनींना बघायला समोर गेला. खरं तर जाऊन बरेच दिवस झाले होते. वाफ्याचं झाल्यापासून त्या घरात शिरताना त्याचं मन खात असे. वायरमन औषध आणायला निघालाच होता. "बरं झालं आलास, पाच मिनिटं बस तिच्यापाशी," म्हणत तो जिना उतरला.

वहिनी पार वाळून गेल्या होत्या. पण चेहरा हसरा. म्हणाल्या, "भाऊजी, तुमचे उपकार कसे फेडू?"

"कसले उपकार?"

"आमच्या वाफ्याला तुम्ही पाणी घालता ना. हे रोज सांगतात मला. तू पडून आहेस, पण तुझा वेल कंडक्टरनं पोरासारखा सांभाळलाय म्हणून. यंदा दुधी काय गोड निघालेत हो. दुसरं काही पोटात ठरत नाही, तेवढंच काय ते अंगी लागतं. उठले की आधी बागेत येणार बघा मी."

"या ना," तो म्हणाला, "या की."

त्यांनी पाणी मागितलं म्हणून तो स्वयंपाकघरात गेला. ओट्यावर ताटलीत दुध्याच्या साली पडल्या होत्या. एका रुंद सालीवर त्याच्याच हातचा आकडा होता. तेवीस. दोनाची शेपूट तो नेहमी वर वळवायचा, तशीच वळवलेली.

त्यानं ती साल उचलली आणि पुन्हा ठेवली. पेला भरला. अर्धं पाणी ओट्यावर सांडलं, ते फडक्यानं पुसलं. वायरमन आला तेव्हा हा चपला घालत होता. "बसतोस का?" "नाही, काम आहे." एवढंच बोलणं झालं.

घरी येऊन तो खुर्चीत बसून राहिला. बायकोनं विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. तिनं गॅस बंद केला. मग म्हणाली, "तुम्ही आता काही म्हणू नका त्यांना."

"मी काय म्हणणार? वाफा मीच काढून घेतला."

रात्रभर विचार करून सकाळी कंडक्टर कामाला लागला. फाटकावरची पाटी उपटून काढली. वेलावरचे नंबर घातलेले सगळे दुधी तोडून घरी आणले आणि आठवडाभर नवरा-बायकोनं तेच खाल्ले. नवीन धरलेल्या दुध्यांवर त्यानं बॉलपेन टेकवलं नाही. म्हटलं, नेऊ दे आता त्याला हवे तेवढे. मोजायचंच नाही म्हटल्यावर चोरी तरी कुठे राहिली? आपण किती मोठ्या मनाचे, असंही क्षणभर त्याला वाटून गेलं. माणूसच तो.

दुधी वाढले. हातभर झाले. त्यांना कुणी हात लावला नाही. वेलावरच ते जून झाले, साल लाकडासारखी झाली. संध्याकाळी पायरीवर कंडक्टर अख्खं वर्तमानपत्र घेऊन बसायचा. वायरमन येईनासा झाला. एकदा जिन्यात त्याच्या पिशवीतून बाजारातल्या दुध्याचं देठ बाहेर आलेलं कंडक्टरनं पाहिलं. "वेलावर कितीतरी पडलेत रे," असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण ते म्हणायचं तर सगळंच म्हणावं लागलं असतं, म्हणून मूग गिळून तो बाजूला झाला आणि वायरमन वर गेला.

पुढच्याच महिन्यात वहिनी गेल्या.

तेराव्या-चौदाव्या दिवशी माणसांची ये-जा थांबली, तेव्हा कंडक्टर समोर गेला. वायरमन रिकाम्या पलंगाकडे तोंड करून बसला होता. आधी तोच बोलला.

"तू नंबर घालायचं का सोडलंस?"

कंडक्टर समोरच्या खुर्चीत बसला.

"फाटक उघडून आत आलो, वेलाकडे बघितलं आणि तुला कळलंय ते मला कळलं. नंबर होते तोवर मी मनात तुझ्याशी भांडत होतो. म्हणायचो, तू वाफा नेलास ना, मग घे. त्या दिवशी मात्र वाटलं, हा मला आता भीक वाढतोय. हात पुढे होईना."

"अरे, पण तिच्यासाठी तरी..."

"बाजारातून आणला मी. तिनं एक घास खाल्ला आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाली, हा आपला नाही. वाफा गेला का हो? तिच्याशी खोटं किती दिवस बोलणार? सांगितलं." वायरमननं पलंगावरच्या चादरीची घडी सरळ केली. "त्यानंतर तिनं उठायचं नाव काढलं नाही. तू वाईट वाटून घेऊ नकोस. ती जाणारच होती."

कंडक्टरला ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं. पण ते त्या घरात शोभलं नसतं. तो उठून आपल्या दारात आला आणि दार लावून घेतल्यावर रडला.

पुढच्या मोसमात त्यानं वेल पुन्हा लावला. पहिला दुधी बोटाएवढा झाला त्या दिवशी बॉलपेन काढलं आणि टोचून नंबर घातला. एक. मग दोन. एकही सोडला नाही. फाटकाची किल्ली त्यानं वायरमनकडून परत मागितली नव्हती. फाटकावरचा दिवा त्यानं मुद्दाम बंद ठेवला. यादीतलं एक घर कॉलनी सोडून गेलं, तेव्हा तो रिकामा वाफा वायरमनच्या नावानं लिहिला आणि निरोप पाठवला. उत्तर आलं नाही. दारं समोरासमोर होती आणि जिन्यात गाठ पडली की वायरमन "काय, बरं ना?" म्हणायचा. तेवढंच.

रोज सकाळी कंडक्टर बागेत जायचा. एक तरी नंबर कमी भरावा म्हणून पानं बाजूला करून करून मोजायचा. तेवीस नंबरचा दुधी त्यानं वेलावरच, फाटकाकडून सहज दिसेल असा भिंतीवर टेकवून ठेवला होता. तो वाढून वाढून जून झाला, पण जागचा हलला नाही.

घरी आला की बायको ताट वाढता वाढता विचारायची, "बसला का मेळ?"

"बसला," तो म्हणायचा. आणि ताट तसंच समोर राहायचं.