वावळाच्या गळ्यातलं कडं

"काहून कापून राहिली वं? त्यायचं नाव हाये त्याच्यावर!"

मेश्राम काकूंनी झाडाभोवतीचा लोखंडी ट्री-गार्ड दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. माझा माणूस लोखंड कापायचा ग्राइंडर घेऊन ताटकळत होता. आणि मी, बगीचा विभागाची हॉर्टिकल्चर ऑफिसर, समता कॉलोनीच्या भर रस्त्यात डोक्याला हात लावून उभी.

या रस्त्यावर आधी शिसमची रांग होती. सगळी विल्टनं गेली. विल्ट म्हणजे मुळातून बुरशी शिरते आणि झाड सुकत जातं. म्हणून मी वावळ निवडला. इथले लोक त्याला चिरोल म्हणतात. परदेशातल्या एल्मचा हा आपल्याकडचा भाऊबंद, आणि रोगाला सहसा दाद देत नाही. रोपंसुद्धा वेगवेगळ्या झाडांच्या बियांची घेतली, म्हणजे एक आजारी पडलं तर रांगच्या रांग जायला नको. त्यासाठी नर्सरीवाल्याचं डोकं खाल्लं. झाडं मस्त वाढली.

घात केला गार्डांनी. लोकांनी ते आपापल्या माणसांच्या स्मरणार्थ दिलेले. नावाची पट्टी वरच्या कड्यालाच वेल्ड केलेली. झाड जाड झालं, कडं तेवढंच राहिलं. काकूंनी नवऱ्याच्या नावानं दिलेल्या गार्डाचं कडं तर सालीत रुतलं होतं. साल कापली गेली की पानांचं अन्न मुळांकडे उतरत नाही, आणि जखमेतून बुरशी आत येते ती वेगळीच. एवढं पारखून लावलेलं झाड, आणि मारतंय कोण, तर लोखंडाचं कडं! असा संताप आला म्हणून सांगू!

साहेबांना फोन लावला.

"मॅडम, डोनर को नाराज मत कीजिए. अगले महीने देखते हैं."

"सर, अगले महीने पेड़ नहीं, लकड़ी देखेंगे."

"तो पहले उनको मनाइए." फोन बंद.

मनवा म्हणे!

"काकू, पट्टी तुम्हाला देते. घरात लावा."

"घरात फोटो हाये त्यायचा. जानाऱ्या-येनाऱ्यानं नाव वाचावं म्हनून इथं लावलं ना. रोज पानी टाकते मी याले."

"मग ज्याला पाणी टाकता, त्याला हात लावून पाहा एकदा!" माझा आवाज चढलाच.

काकूंनी कड्याखाली बोट घालायचा प्रयत्न केला. जाईना. बोटाला चिकट रस लागला. त्यांनी तो बोटांत चोळून पाहिला.

"गळाच आवळला गं याचा," त्या म्हणाल्या. "त्यायले शर्टाचं वरचं बटन लावलेलं कधी चाललं नाही. लग्नातबी उघडंच होतं." डोळे पुसले. "काप, पोरी."

कापलं. रुतलेला तुकडा ओढला नाही, नाहीतर उरलीसुरली साल निघाली असती. पट्टी काकूंच्या फाटकावर लागली, रस्त्यावरून दिसेल अशी. झाड सावरलं.

पुढचं झाड एका नेत्याच्या वडिलांच्या नावाचं. तिथून होकार यायच्या आत ते वाळलं. पट्टी अजून चमकते.

आता माझे गार्ड नट-बोल्टचे असतात, झाड वाढलं की सैल करता येणारे, आणि नाव वेगळ्या खांबावर. साहेब म्हणतात, डोनर नाराज होतील. होऊ द्या. त्यांना निदान नाराज होता येतं, झाड सरळ मरतं.